बगळे पहिले आले, त्याबद्दल

हामाउरा, चहा गल्ली
६ नोव्हेंबर, मंगळवार

ती. हिसानोताईस,

धाकट्या तामोत्सूचा चटईला कपाळ टेकून नमस्कार. (टेकलं ते टेकलंच. उठवायला आमच्या हिला, फुसाएला, दुकानातून यावं लागलं, तेव्हा माझ्या कमरेची हकीकत वेगळी सांगायला नको.) तुमच्या ओतारूला एव्हाना पहिलं बर्फ पडून गेलं असेल. इकडे अजून सकाळचं नुसतं धुकं आहे, पण खाडीवर खेकडेवाल्यांची जागेवरून भांडणं सुरू झालीत, म्हणजे हिवाळा आलाच म्हणायचा. कानबारा दाजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जहाजावरची नोकरी सुटून सात वर्षं झाली, आता तरी जिना उतरताना कठडा धरा. खरं म्हणजे हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण आपण दोघं फोनवर आळीपाळीने ‘हं’ म्हणतो आणि ठेवून देतो, म्हणून पत्र.

बातमी अशी की बगळे पहिले आले. हामाउरा हेरॉन्स, आपली बेसबॉलची टीम, टोपीवर एका पायावर उभा असलेला बगळा असतो ती, सहा टीमांच्या लीगमध्ये पहिली आली. तुमच्याकडच्या टीव्हीवर दाखवलं असेलही, नसेलही. मी आपलं कळवतोय. त्यातून काही सुचवायचं नाही, काही मागायचं नाही, जुनं काही उकरायचं तर अजिबात नाही.

आता थोडं उकरतो. सत्याहत्तर सालचा मार्च. बाबांनी तुझ्यासाठी घरजावई शोधला होता. घरात मुलगा नव्हता असं नाही. होता, पण तो मी होतो. एकवीस वर्षांचा घोडा, गिऱ्हाईक समोर उभं असताना रेडिओला कान लावून बसणारा. अशाच्या हाती तीन पिढ्यांचं चहाचं दुकान द्यायचं कसं, म्हणून बाबांनी तो घाऊक व्यापाऱ्याचा दुसरा मुलगा आणला, जो तोंडाने श्वास घ्यायचा. तुला जहाजावरचे कानबारा हवे होते. तू बॅग उचललीस. बाबा पाठ करून चहा तोलत राहिले (तोच अर्धा पाव, तीनदा). मी दारापर्यंत धावत आलो आणि विचारलं, ताई, परत कधी येणार? तू चपला घालता घालता म्हणालीस,

“तुझे बगळे पहिले येतील ना, त्या दिवशी पाऊल टाकीन या घरात.”

बगळे त्याआधी आठ वर्षं पाचवे किंवा सहावे येत होते. तेव्हा तुझ्या बोलण्याचा अर्थ बाबांना कळला, शेजारच्या साकुमा न्हाव्याला कळला, गल्लीतल्या मांजरांना कळला. मला तेवढा कळला नाही. मला वाटलं, ताईने तारीख दिली. दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या देवळात गेलो, दोरी ओढून घंटा वाजवली आणि नवस बोललो, बगळे पहिले येईपर्यंत चहा पिणार नाही. तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याने सांगितलं होतं की जे सोडल्याने जीव कासावीस होईल तेच सोडावं. चहावाल्याच्या पोराने दुसरं काय सोडायचं? बाबांना कळलं तेव्हा ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बोलले, ते न बोलते तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी भाजलेल्या सातूचं पाणी पितो. मोठी पितळी किटली, सकाळ दुपार संध्याकाळ.

तुला खेळातलं ओ की ठो कळत नाही, तरी एकेका हंगामाची हकीकत ऐकून घे, कारण दर हंगामाला मी तुझीच वाट पाहत होतो. सत्याहत्तरला पाचवे. (म्हटलं, नवस नवा आहे, देवाला नोंद करायला वेळ लागत असेल.) अठ्ठ्याहत्तरला सहावे. एकोणऐंशीला ओनुकी नावाचे नवे मॅनेजर आले. त्यांची श्रद्धा होती की बेसबॉल पायांनी जिंकतात, म्हणून ते सामन्याआधी सगळ्या टीमला देवळाच्या तीनशे बारा पायऱ्या पळत चढायला लावायचे. तिसऱ्या डावात आपल्या पोरांचे पाय लटपटायला लागायचे. सहावे. पायऱ्यांची लीग असती तर तेव्हाच पहिले आलो असतो आणि तू दोन वर्षांत घरी असतीस.

ब्याऐंशीला अमेरिकेहून हॅनिगन आला. दाराएवढा माणूस. त्याने एकेचाळीस होम रन मारले, पण स्वतःकडे आलेला चेंडू काही त्याच्या हातात राहायचा नाही. कुणीतरी त्याला शिकवलं होतं की इथे चूक झाली की वाकायचं. तो प्रत्येक सुटलेल्या चेंडूनंतर टोपी काढून चारही बाजूंना असा छान वाकायचा की लोक टाळ्या वाजवायचे, आणि तोवर समोरच्या टीमचा आणखी एक जण धाव पुरी करायचा. तिसरे. हॅनिगन पुढे इथेच राहिला, मैदानावरचे कपडे धुणाऱ्या बाईच्या मुलीशी लग्न केलं, बंदरावर पावाची भट्टी टाकली. आता तो आपल्यापेक्षा जाड हामाउरी बोलतो आणि दर वसंतात मला सांगतो, “तामोत्सू, यंदा आपलंच हाय बघ.” छत्तीस वर्षं सांगतोय. चिवट आहे बिचारा.

आता पंच्याऐंशी. ताई, हे साल मी तुला कधी नीट सांगितलेलं नाही. ऑगस्टअखेर बगळे पहिले होते, चार सामन्यांनी पुढे. मी माडीवरची तुझी खोली झाडायला काढली. गादी उन्हात टाकली. एका दुपारी वर गेलो तर बाबा तुझ्या खोलीच्या खिडकीचा कागद बदलत होते. जुना सोलून, चौकट धुऊन, खळ लावून. हे काम वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात करायचं, आणि हे सप्टेंबरात! मला बघून म्हणाले, फाटला होता. फाटला नव्हता, ताई.

आणि त्याच आठवड्यात मला मुलगी बघायला नेलं. डोंगरातल्या चहा पिकवणाऱ्यांचं घर. मुलगी तबकात चहा घेऊन आली. आता तू विचार कर, चहा पिकवणाऱ्याच्या घरी, चहा विकणाऱ्याच्या पोराने, चहा आणणाऱ्या मुलीला सांगायचं की मी चहा घेत नाही? त्यापेक्षा सरळ ‘मुलगी पसंत नाही’ म्हणून उठावं. बाबांचं कोपर माझ्या बरगडीत. मी कपाकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. (मुलगी म्हणजे फुसाए. तेव्हा गालाला खळी पडायची, अजून पडते, पण हल्ली ती फक्त माझी फजिती झाली की पडते.) आणि प्यालो. एकच कप. पण तळापर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून बगळे लागोपाठ नऊ सामने हरले. दीड सामन्याने दुसरे. ऑक्टोबरात तुझं कार्ड आलं. ते तर दर वर्षी येतंच, लीग संपली की चौथ्या दिवशी, आणि त्यावर एकच ओळ असते, ‘यंदा बगळे कितवे?’ त्या वर्षी तेवढी ओळ निराळी होती, ‘यंदाही नाही वाटतं.’ ते कार्ड हातात घेऊन मी कोठीघरात चहाच्या पेट्यांमागे बसून रडलो. नवसाचं फुसाएला लग्नानंतर सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, मग माझ्या हातचा कसा प्यालात? म्हटलं, तो धरायचा नसतो. तिने धरला नाही. मी धरला. तेहतीस वर्षं मी मनात हेच घोळवत आलोय की एका कपापायी मी तुला घराबाहेर ठेवलं. कितीदा लिहायला बसलो आणि कितीदा कागद फाडले. आज लिहिलं. तुला रागवायचं असेल तर रागाव, पण पत्र पूर्ण वाचून रागाव.

त्यानंतर देवाने आपल्याकडे पाठच फिरवली. शहाऐंशी ते एक्याण्णव ओळीने सहा वर्षं शेवटचे. मैदानात माणसांपेक्षा समुद्रपक्षी जास्त, आणि तेही सोयाबीनच्या शेंगा खायला आलेले. याच काळात दुकान माझ्याकडे आलं. चहा न पिणारा चहावाला! मी नाकाने माल घेतो आणि नाकानेच विकतो. चव बघायचं काम फुसाएचं. ती घोट घेऊन भुवई उडवते, मी गिऱ्हाइकाला सांगतो की हा माल म्हणजे सकाळच्या दवासारखा आहे. तेवीस वर्षांपूर्वी चहा संघाने मला ‘जाणकार जिभेचा मान’ म्हणून पाटी दिली. ती फुसाएने स्वयंपाकघरात लावलीये.

त्र्याण्णवला बाबा गेले. तू आलीस, देवळात उभी राहिलीस, अस्थी वेचल्यास, आणि स्टेशनसमोरच्या लॉजवर राहून सकाळच्या गाडीने गेलीस. गल्लीच्या तोंडाशी येऊनही वळली नाहीस. लोक काय काय बोलले. मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द, आमच्या घरात तो बाबांकडूनच आलाय. पण एक गोष्ट तेव्हा सांगायची राहून गेली. तू गेलीस त्या वर्षापासून बाबा रोज रात्री जेवताना विचारायचे, बगळ्यांचं काय झालं? ज्या माणसाने माझा रेडिओ दोनदा विहिरीत टाकला तो. शेवटच्या आठवड्यात बोलणं जवळजवळ गेलं होतं, तरी डोळे उघडून म्हणाले, “कितवे?” मी म्हटलं, तिसरे. त्यांनी मान हलवली, म्हणाले, “मग जवळ आलं.” ताई, आपण सहावे होतो.

मधल्या काळात टीमचे मालक बदलत गेले. आधी सोया सॉसवाले होते, मग शेवयावाले आले, मग टेलिफोनवाले. दोन हजार चार साली या टेलिफोनवाल्यांनी ठरवलं की बगळा हा काही जिंकणारा पक्षी नाही, टीमचं नाव ‘थंडर्स’ करायचं. मी हातातला तराजू खाली ठेवला. कारण तू ‘तुझे बगळे’ म्हणाली होतीस. उद्या थंडर्स पहिले आले तर तू (मी तुला ओळखून आहे) म्हणशील, हे कोण बाई? मी चहाच्या प्रत्येक पुडीत सहीचा कागद घालायला लागलो. सही आणा, पुढच्या पुडीला मूठभर जास्त. साकुमाने वस्तरा गळ्याशी ठेवून सह्या घेतल्या. (तो म्हणतो नुसती विनंती केली.) हॅनिगनने पावात कागद घातला, दोघांनी तो खाल्ला. अकरा हजार चारशे सह्या! टेलिफोनवाल्यांचे साहेब मैदानात येऊन वाकले आणि बगळे वाचले. टीव्हीवाल्याने मला विचारलं, एवढं प्रेम का? म्हटलं, बगळ्याशिवाय खाडीला शोभा नाही. आता तो मुलाखत घेणारा म्हणजे काही माझी बहीण नव्हे, खरं कारण त्याला कशाला सांगू?

पुढची तेरा वर्षं चौथे, पाचवे, सहावे, पुन्हा चौथे. एका वर्षी पाचव्या नंबराचं एवढं कौतुक झालं की नगराध्यक्षांनी भाषण ठोकलं.

आणि यंदा. शेवटचा रविवार, दुपारचा सामना, आपल्याच मैदानावर. पहिल्या नंबरावर होते ते कुरोसे क्रेन्स, म्हणजे सारस, ज्यांचं चित्र लग्नाच्या पाकिटावर असतं. (बगळा कुणी छापत नाही.) त्यांचे सामने आदल्या दिवशी संपले होते, सत्याहत्तर विजय. आपले शहात्तर. नीट ऐक, इथे घोळ आहे. आमच्या खेळात बारा डाव झाले आणि निकाल लागला नाही की सामना बरोबरीत सोडून सगळे घरी जातात, आणि शेवटी नंबर लावताना बरोबरीचे सामने झालेच नाहीत असं धरतात. उरलेल्यांत शेकडा किती जिंकलात, ते मोजायचं. सारसांनी एकशे चाळीसपैकी सत्याहत्तर जिंकले होते. आपण एकशे अडतीसपैकी शहात्तर. हरलो असतो तर दुसरे. न हरता सुटलो तर केसाच्या रुंदीने पहिले. बाराव्या डावात तीन-तीन, समोरच्यांचा गडी तिसऱ्या कोपऱ्यावर, चेंडू टाकायला आपला इकुशिमा, वय एकेचाळीस, खांद्याला तीन ऑपरेशनं. उंच झेल उडाला. मी डोळे मिटले, त्यामुळे तो कुणी घेतला हे मला अजून माहीत नाही. साकुमाने माझ्या पाठीत गुद्दा घातला तेव्हा कळलं की घेतला.

मग जे झालं ते आमच्याकडेच होऊ जाणे. बरोबरी पक्की, म्हणजे पहिला नंबर पक्का, पण आपला बाराव्या डावाचा अर्धा भाग खेळायचा राहिला होता. नियम म्हणजे नियम. आपली पोरं रडत रडत बॅट घेऊन आली आणि रडत रडत तिघंही बाद झाली, पंचसुद्धा डोळे पुसत होते. आणि वर चोवीस हजार माणसं शहात्तरला एकशे अडतीसने भागत होती. माझ्या शेजारच्या मासेवालीचं उत्तर दीड आलं.

घरी आलो तर फुसाएने दिवाणखान्यात बाबांच्या फोटोसमोर बसवलं आणि चहा ठेवला, पहिल्या खुडणीचा, बाबांच्या कपात. गल्ली दारात जमलेली. मी बाबांना सांगितलं, पहिले आलो, या वेळी खरंच. मग कप उचलला. ताई, बेचाळीस हंगाम! आणि पहिल्याच घोटाला जिभेने ओळख दिली, जणू कालच प्यालो होतो. रक्तातला चहा आहे शेवटी, मी सगळ्यांना म्हणालो, चहावाल्याची जीभ विसरत नाही. सगळे गहिवरले. फुसाए उठून आत गेली. मला वाटलं रडायला गेली.

तर असं झालं. इतकं हलकं वाटतंय म्हणून सांगू! आठ तास झोपतो. त्यानंतरच्या बाद फेरीत आपण लागोपाठ चार सामने हरलो, पण तुझ्या बोलण्यात बाद फेरीचा उल्लेख नव्हता, मी आठवून आठवून पाहिलं. बाकी इकडे सगळं ठीक. दाजींना नमस्कार, आणि बर्फात जपून.

तुझा,
तामोत्सू

ता. क. — पाकीट चिकटवायच्या आधी फुसाएने पत्र वाचलं. (वाचू नको म्हटलं होतं.) पंच्याऐंशीच्या कपाची ओळ तिने दोनदा वाचली, आणि रक्तातल्या चहापाशी आली तेव्हा तिच्या गालाला खळी पडली. मग जे बाहेर आलं ते जसंच्या तसं कळवतो. अठ्ठ्याण्णव साली आमचा सातू भाजून देणारा म्हातारा वारला. दुसरीकडचा सातू महाग. दुकानात चहा निवडून उरलेल्या काड्या पोत्याने पडून, म्हणून ती त्याच भाजून माझ्या किटलीत टाकायला लागली. वीस वर्षं! दिवसातून तीनदा! आणि मी दर वेळी म्हणायचो की सातू असावा तर असा. ‘जाणकार जिभेचा मान’! मी तासभर किटलीकडे बघत बसलो. मग एकदम ध्यानात आलं की ताई, मी वीस वर्षं रोज चहा पितोय आणि तरी बगळे पहिले आले! म्हणजे पंच्याऐंशीचे नऊ सामने माझ्यामुळे हरलो नाही. ते चेंडू टाकणाऱ्या पिचरमुळे हरलो! तेहतीस वर्षांचा दगड छातीवरून उतरला. मी उठून फुसाएला चहा करून दिला. घोट घेऊन म्हणाली, फार कडू झालाय.

ता. क. दुसरा — यंदा तुझं कार्ड आलं नाही. लीग संपून चौथा दिवस गेला, दहावा गेला, महिना होत आला. बेचाळीस हंगामांत पहिल्यांदाच. मी टपालवाल्याला तीनदा गाठलं, त्याने आता रस्ता बदललाय. मला वाटलं, बरोबरी ताईला मान्य नाही. म्हणून आकडे एवढे समजावून लिहिले. वाटलं, तू ‘येतील’ म्हणाली होतीस, ‘जिंकतील’ नाही, हा मुद्दा मांडावा. फुसाएने पाटीखाली कांदा चिरता चिरता एकच सांगितलं. म्हणाली, “ज्याला यायचंच नाही तो कितवे म्हणून एकेचाळीस वर्षं विचारत नाही. आणि ज्याला कळलंय तो कशाला विचारेल?” असं आहे का ताई? असेल तर या पत्राला उत्तर लिहू नकोस. वर्षाचा शेवटचा आठवडा अजून लांब आहे, तरी माडीच्या खिडकीला नवा कागद मी कालच लावलाय. जरा वाकडा लागलाय, तो तू येऊन बघ.

ता. क. शेवटचा — स्टेशनसमोरचं ते लॉज दोन वर्षांपूर्वी पाडलं, आता तिथे गाड्या लावतात. तेव्हा रात्री मुक्कामाला तुला आपल्या घराशिवाय दुसरी जागा नाही, हे आधीच कळवलेलं बरं.